आर्वोचा डावा पाय

आर्वोला डाव्या पायाचं काही कळेनासं झालंय, हे मला डिसेंबरातच समजलं होतं. टपालपेटीपर्यंत गेला आणि परत आला तो एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेवर बर्फात पडलेली. मी म्हटलं, "अरे, चप्पल कुठाय तुझी?" त्याने खाली बघितलं आणि त्याचा चेहरा असा काही झाला, की चाळीस वर्षांच्या संसारात मी तो तसा कधी बघितला नव्हता. मग म्हणाला, "घाईत होतो." टपालात होती दोन जाहिरातींची पत्रकं. डोंबलाची घाई.

बारा वर्षं साखरेचा आजार आहे त्याला. डॉक्टरकडे जाताना मला बाहेर गाडीतच बसवून ठेवतो आणि परत आला की, "सगळं ठीक." पुढे तोंडाला कुलूप. आम्हा फिनिश लोकांत पुरुषाने दुखणं सांगायचं, म्हणजे सॉनात, आमच्या वाफेच्या खोलीत, कपडे घालून बसण्याइतकं विचित्र.

तरी मी गप्प राहिले असते. पण सप्टेंबर आला आणि याने शेडमधून ती लाल तिचाकी बाहेर काढली.

आजच्या पोरांना तिचाकी सांगून कळत नाही. मोटारसायकलसारखं इंजिन आणि हँडल, पुढे एक चाक, मागे दोन, फुगे फुगवल्यासारखी टायरं, आणि वळताना अंग नीट टाकलं नाही तर सरळ उलटते. फार माणसं मोडली तिच्यावर, म्हणून अठ्ठ्याऐंशी साली इथे अमेरिकेत नव्या विकायच्याच बंद झाल्या. आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा तेव्हा एक गोष्ट जाणून असायचं: पाय खाली टेकवायचा नाही. गाडी घसरो, कलंडो, पाय बाजूच्या पायदांडीवरच. कारण दांडीच्या लगेच मागे चाक असतं. टेकलेल्या पायाच्या पोटरीवर ते चढतं आणि माणसाला खाली ओढून घेतं.

आता ज्याला आपला पाय दांडीवर आहे की नाही हेच कळत नाही, त्याने काय करायचं?

"तिचाक्यांच्या यंदाच्या फेरीला नको जाऊस," मी म्हटलं.

"का?"

"तुझा गुडघा."

"गुडघ्याला काय धाड भरलीय? मस्त आहे."

गुडघा मस्तच होता. मला पाय म्हणायचं होतं, जीभच रेटेना. म्हटलं असतं तर तो पुन्हा त्या चपलेच्या दिवशीसारखा दिसला असता, आणि ते मला बघवलं नसतं. याच तिचाकीवर त्याने ब्याऐंशीच्या हिवाळ्यात मला मागे बसवून गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला नेलं होतं. मी घाबरून त्याच्या कोटाचा खिसा फाडला, आणि तो तेवढ्यावर दोन मैल हसत होता. मलाही ती गाडी काही कमी प्रिय नाही. मी फक्त म्हटलं, "मग मीही येते."

"तू? दहा वर्षांत बसली नाहीस."

"बसेन की. लेकीची छोटी तिचाकी पडूनच आहे."

खरं तर दहा वर्षं मी लाकडं ओढायला तिचाकीसारखीच, पण न उलटणारी चारचाकी वापरते. तिला पायाखाली रुंद फळ्या असतात, पाय कुठेही टाका, तिला फरक पडत नाही.

रेतीच्या खाणीपाशी अकरा तिचाक्या जमल्या. कधीकाळी चाळीस जमायच्या. फेरीचा म्होरक्या डेल्बर्ट, सत्तरी गाठलेला, मला बघून म्हणाला, "हेल्मी, आज नवऱ्यावर पहारा वाटतं?"

"तुम्हा सगळ्यांवरच ठेवायला हवा," मी म्हटलं. सगळे हसले.

रूळ काढून टाकलेल्या जुन्या रेल्वेवाटेने निघालो. आर्वो सर्वांत शेवटी, आणि त्याच्या मागे मी. झाडांना रंग चढले होते म्हणे, मला काही दिसलं नाही. मी बघत होते एक तपकिरी बूट. गिअर डाव्या पायाने टाकायचे असतात. त्याची गाडी पहिल्यातच किंचाळत राहायची, कारण दुसरा पडलाय की नाही हे त्याच्या पायाला कळतच नव्हतं. मग तो मान वाकवून बघायचा आणि पुन्हा दाबायचा. मान खाली गेली की मी पुटपुटायचे. देवा, समोर बघ रे बाबा.

चार मैल बूट दांडीवर होता. मग वाट सोडून आम्ही तळ्याकडे उतरणाऱ्या वाळूत शिरलो. एक गचका बसला आणि बूट सरकला. टाच दांडीवरून निसटली, पाऊल लोंबायला लागलं, वाळूपासून चार बोटांवर. याला पत्ताच नाही. मी घसा फाडून ओरडले, "आर्वो, पाय!" दोन इंजिनांच्या आवाजात कोण ऐकतंय. भोंगा या गाड्यांना नसतोच. त्याच्या पुढे जाऊन हात दाखवणं, एवढंच उरलं होतं. मी वेग वाढवला आणि वळणावर त्याच्या बाजूने घुसले. डोळे त्याच्या बुटावर. माझी गाडी कलली, आणि चारचाकीच्या सवयीने मी पाय खाली टेकवला.

पुढचं फार झटपट झालं. चाक पोटरीवर चढलं, मी पाठीवर पडले, आणि माझी रिकामी तिचाकी पुढे जाऊन त्याच्यासमोर आडवी झाली. ती दिसली म्हणून तो थांबला. नाहीतर तळ्यापर्यंत तसाच गेला असता.

उतरून, पाय फरफटत तो आला. चेहरा पांढराफटक.

"टेकवलास पाय? तू?"

"शिव्या नंतर दे."

तो वाळूत बसला आणि माझा घोटा हातात घेतला. घोटा फुगायला लागला होता. त्याने बोटाने हळूच दाबलं.

"दुखतंय?"

"दुखेल नाहीतर काय. सोड."

त्याने सोडला नाही.

"बरं आहे तुझं," तो म्हणाला. "मला काहीच होत नाही, हेल्मी. गुडघ्याखाली काहीच नाही."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"चपलेपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

पुढे गेलेल्या गाड्यांचे आवाज तळ्याच्या बाजूला बारीक होत गेले. मी म्हटलं, "बूट काढ. मला बघू दे." त्याने नाही म्हणून मान हलवली, मग वाकून नाडी सोडली. बूट उलटा केला तर त्यातून बोटाएवढा लोखंडी बोल्ट वाळूत पडला, आणि मोजा टाचेपासून चवड्यापर्यंत रक्ताने भिजलेला होता. सकाळी सहा वाजता बूट घातला होता त्याने, तेव्हापासून तो आतच असणार. आम्ही दोघं त्या बोल्टकडे बघत बसलो. मग आर्वो म्हणाला, "डॉक्टरकडे या वेळी तू आत ये," आणि रडायला लागला.