दसऱ्याच्या अक्षता आणि सात मुक्या पट्ट्या

मी एक म्हातारा पियानो आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझ्यावर ओले टॉवेल टाकलेले मला मुळीच खपत नाहीत. कांदिवलीच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या खोलीची निम्मी भिंत अडवून मी उभा आहे.

माझं तरुणपण मनोरीला गेलं, डिमेलो बाईंच्या बंगल्यात. बाई माझ्यावर बूगी-वूगी वाजवायच्या. म्हणजे काय, ते सांगतो. डावा हात एकच चाल न थकता घोळवत राहतो आणि उजवा हात तिच्यावर मनाला येईल तसा हुंदडतो. ऐकणाऱ्याचे पाय गप्प बसतच नाहीत. बाईंकडे विमला स्वयंपाकाला यायची. सुट्टीत तिची मुलगी मालनही यायची आणि माझ्याकडे टक लावून बघत बसायची. बाईंनी तिला शेजारी बसवलं आणि चांगली दहा वर्षं शिकवलं.

पुढे बाई भाच्याकडे गोव्याला निघाल्या आणि मला मालनच्या हवाली करून गेल्या. होडीतून खाडी ओलांडताना मला वाटलं, संपलो! पण मालननं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

तिचे वडील अंबादास मात्र मला बघून कपाळाला हात लावून बसले. त्यांची गिरणी बंद पडलेली, खोली एवढीशी.

"हे धूड ठेवलं तर आपण झोपायचं कुठं गं?"

"बाबा, दसऱ्यापर्यंत थांबा ना. जुहूच्या हॉटेलात पियानो वाजवायला माणूस हवाय. तिथले साहेब दसऱ्याला घरी ऐकायला येणारेत."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर विकून टाका," मालन म्हणाली. माझं काय झालं असेल, तुम्हीच ठरवा.

दसऱ्याच्या सकाळी मालन साडीला इस्त्री करून आणायला गेली आणि विमलानं माझी पूजा केली. गिरणीत दसऱ्याला मागाची पूजा व्हायची, आता लेकीचं हत्यार मी. तिनं मला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि मूठभर अक्षता माझ्या उघड्या पट्ट्यांवर वाहिल्या. मागावरच्या अक्षता खाली पडून जायच्या. माझ्या मात्र फटींत शिरल्या. मी ओरडून सांगणार तरी कसं?

दुपारी हॉटेलचे चंद्रप्रकाश साहेब येऊन खुर्चीवर बसले. मालननं पट्ट्यांवरून बोटं फिरवली. उजव्या बाजूच्या सात पट्ट्या खाली गेल्या त्या वर येईनात. फटीत तांदळाचा दाणा दिसला आणि विमलाच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अगो, माझ्याच हातान वाट लागली तुझी!"

"आई, गप बस गं. काही होत नाही."

अहो, तिची बोटं बर्फासारखी गार पडली होती! पण डावा हात सुरू झाला आणि थांबला नाही. उजवा हात मुक्या पट्ट्या टाळून पळू लागला. जिथे सूर मिळेना, तिथे ती माझ्या लाकडावर बोटांनी ठेका द्यायची. टक्, टक्! तिसऱ्या फेरीला साहेबांचा बूट हलायला लागला.

"झकास! हे मधेच लाकडावर वाजवायचं कुणी शिकवलं?"

"आईनं," मालन म्हणाली.

नोकरी मिळाली. विमला पदरात तोंड लपवून रडली आणि अंबादास पेढे आणायला गेले.

याला आता पाच वर्षं झाली. मालन जुहूला वाजवते, दिल्ली-कलकत्त्याला जाऊन येते, गेल्या वर्षी तिची कॅसेटही निघाली. हॉटेलातला पियानो माझ्याहून देखणा आहे म्हणे. असू दे. मला खंत आहे ती वेगळीच. त्या अक्षता कधीच निघाल्या, पण त्या दिवसापासून विमला मला भिते. धूळसुद्धा लांबून झटकते. मित्रांनो, तुमच्या घरी वाद्य असेल तर त्याला ओलीपासून आणि उंदरांपासून जपा, पण घरातल्या माणसाला त्याच्यापासून लांब ठेवू नका.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. विमलानं हात पदराला दोनदा पुसले, दाराकडे बघितलं आणि एका बोटानं एकच पट्टी दाबली. ती दचकू नये म्हणून मी अगदी हळू वाजलो.