झाकलेल्या वाटीचं वय

मी एक जुना फ्रिज आहे. मुळात पांढरा, आता मला कोणता रंग म्हणायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या दाराचं रबर एका कोपऱ्यात सैल झालं आहे, आणि सुरू होताना मी असा काही हुंदका देतो की नवा पाहुणा दचकतोच.

मित्रांनो, माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, पाठीला नळ्या जोडल्या आणि टेम्पोत उभं करून मला या तिसऱ्या मजल्यावर आणलं. जिन्यात हमालांनी मला इतक्या शिव्या दिल्या की बापरे! घरात मात्र काय तो थाट! आईने माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल घातला. ताई तेव्हा एवढीशी होती. दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, हे पकडायला ती दार हळूच किलकिलं करायची. "आमच्या फ्रिजमध्ये काही म्हणजे काही खराब होत नाही," असं आई शेजारणींना सांगायची आणि मी फुगून जायचो. आज ते वाक्य आठवलं की मला लाज वाटते. कारण अन्न खराब होणं मी फक्त लांबवतो. ते कायमचं थांबवणं मला कुठलं जमायला?

या घराची एक रीत आहे. बाबा बस चालवतात, ते पहाटेच जातात. आई कपडे शिवण्याच्या कारखान्यात पाळीला जाते. ताई दुकानात काम करते, धाकटी चिमणी शाळेत. घरी असतात ते बाबांचे वडील, म्हणजे आप्पा. जो तो आपापल्या वेळेला जेवतो आणि उरलेलं लहान भांड्यात काढून ठेवतो, कारण माझ्या पोटात जागा कमी. पातेल्यातून डब्यात, डब्यातून वाटीत. भांडं बदललं की जेवण कसं ताजं वाटतं! पुढच्याला वाटतं, हे दुसऱ्या कुणीतरी नुकतंच केलं असणार.

आप्पा पोटाचं ऑपरेशन होऊन घरी आले, त्या आनंदात आईने पातेलंभर चिकन केलं. पाहुणे आले, गप्पा रंगल्या आणि पातेलं किती तरी वेळ ओट्यावरच राहिलं. मग ते माझ्याकडे आलं. त्यानंतर एकदा सगळे बाहेर असताना वीज गेली. आप्पासुद्धा तपासणीला गेले होते. माझा आवाज बंद पडला. बर्फाचं पाणी झालं, भिंतींना घाम फुटला, चिकन कोमट होत गेलं. मंडळी परतायच्या आत वीज आली आणि मी पुन्हा गुरगुरू लागलो. कुणाला काही पत्ता नाही! मला ओरडून सांगायचं होतं. पण मला आवाज एकच, आणि तो साऱ्यांच्या सवयीचा.

मग सुट्टीची दुपार आली. सगळे घरात होते.

"सूनबाई, आज मला ते चिकन दे," आप्पा म्हणाले. "मऊ भात खाऊन खाऊन जिभेचं लाकूड झालंय माझ्या."

आजारपणानंतर आप्पांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आईचा चेहरा असा उजळला! तिने माझ्यातली वाटी काढली, वास घेतला. "छान आहे की. फ्रिजमध्येच तर होतं. चांगलं उकळून देते."

फ्रिजमध्येच तर होतं! मित्रांनो, एवढा विश्वास मला सोसवेना.

चिकन उकळून आप्पांच्या ताटात पडलं, तेवढ्यात चिमणीने आइस्क्रीमसाठी माझा वरचा कप्पा उघडला. "आई, हे बघ! आइस्क्रीम डब्याबाहेर वाहून तिथेच गोठलंय. हे वितळलं कधी?"

"परवा दिवसभर लाईट नव्हती म्हणे," बाबा म्हणाले. "खालचे काका सांगत होते."

चिमणीची नजर आप्पांच्या ताटाकडे गेली. "मग हे चिकन कधीचं?"

"काल ताईने केलं ना?" आई म्हणाली.

"मी? मी फक्त डब्यातून वाटीत काढलं. मला वाटलं, बाबांनी आणलं."

"मी कशाला आणतोय? मी तर पातेलं रिकामं करून दिलं होतं घासायला."

आईच्या हातातला चमचा थांबला. "अगं बाई! म्हणजे आप्पा घरी आले त्या दिवशीचं?"

"आप्पा, थांबा!" चिमणी ओरडली.

"आता काय थांबू? गिळला तुकडा," आप्पा ताट जवळ ओढत म्हणाले. "चव झकास आहे."

"चवीवर आणि वासावर सगळं कळत नाही. आणि उकळलं तरी काही विषं जात नाहीत, बाईंनी शिकवलंय."

"तुझ्या बाईंना सांग, आम्ही शिळं खाऊनच एवढे वाढलो."

"तेव्हा तुमच्या पोटाला टाके नव्हते!"

आप्पांनी ताटावरचा हात काढला. बाबांनी ताट उचललं. डॉक्टरांना फोन लागला. लक्ष ठेवा, उलटी किंवा जुलाब झाले, ताप आला, तर लगेच घेऊन या, असं ते म्हणाले.

मग अख्खं घर माझ्यासमोर बसून राहिलं. कुणी टीव्ही लावला नाही. आई पदराचं टोक पिळत होती. "मीच वाढलं हो त्यांना," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. आप्पा पोटावर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून बसले होते. राग आला होता की भीती वाटत होती, कोण जाणे. मी हुंदका दिला तरी सगळे दचकत होते.

दिवेलागणीला आप्पांनी मान वळवली. "मला काही झालेलं नाही. तुमची तोंडं बघून मात्र पोटात गोळा येतोय. आणि भूक लागलीय!"

ताई हसली. आईला मात्र रडू आलं. तिने डोळे पुसत मूठभर तांदूळ धुतले.

त्या दिवशी आप्पा वाचले, मित्रांनो. पण घराची रीत एका दिवसात कुठली बदलायला? आजही माझ्या खालच्या कप्प्यात एक झाकलेली वाटी आहे. ती कधीची आहे, हे मला ठाऊक आहे, आणि मला सांगता येत नाही. तुमच्या घरीही माझा कुणी भाऊबंद असेल. त्याचं दार उघडाल तेव्हा त्याच्या गारव्यावर विसंबू नका. वाटी हातात घ्या आणि घरात मोठ्याने हाक मारा, "हे कधीचं?" कुणालाच सांगता आलं नाही, तर ती वाटी कितीही छान दिसू दे, खाऊ नका.