हात धुण्याआधीचा आकडा

वरूडच्या बाजारगल्लीत सकाळी दुकानं उघडायच्या आधी रांग लागलेली असते. वरच्या मजल्यावर 'संजीवन ॲक्युपंक्चर केंद्र'. रांग पायऱ्यांवरून उतरते, चपलांच्या दुकानासमोरून वळते आणि रसवंतीपर्यंत जाते. चपलांचा दुकानदार आधी भांडायचा. आता त्यानंच बाकडी टाकली आहेत.

"साखर चारशे ऐंशीची दोनशे दहा झाली बाप्पा! मी माह्या डोयानं पाह्यली."

"अन् औषध?"

"औषध कायचं? चार सुया टोचल्या, पडून राह्यलो, उठलो. बस."

"मंग गोया?"

"गोया नालीत टाकल्या."

"अंगारा-गिंगारा देते काय?"

"ए, हे बुवाबाजी नोहे. मशीन हाय तिथं."

शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्या वाक्यावर उभी आहे.

*

*व्हिडिओ. मालिकेचं नाव: 'नव्या थेरपिस्टनं प्रॅक्टिस कशी उभी करावी'. बोलणारे: धर्मेंद्र सर. मागे हिरवं रोप, भिंतीवर माणसाच्या शरीराचा चार्ट.*

"मित्रांनो, नवीन सेंटर टाकलं की पहिली चूक काय करतो आपण? समजावत बसतो. नाड्या, ऊर्जा, प्रवाह. पेशंट मान हलवतो आणि घरी जाऊन परत येत नाही. समजावू नका, दाखवा! सुईच्या आधीचा आकडा, सुईच्या नंतरचा आकडा. आकड्याशी कोणी वाद घालत नाही."

*

मी रुबीना. गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. दीक्षा माझी जुनी विद्यार्थिनी, आमच्याच गल्लीत राहते. तेरा वर्षांची असताना तिला मधुमेह निघाला. गोळ्यांवर चालणारा नव्हे. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज पोटात टोचून घ्यावं लागतं. तरीही ती गोळाफेकीत तालुक्यात पहिली आली होती. आता पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे मैदानावर धावायची, दुपारी अभ्यासिकेत बसायची. तिला एकच भीती होती: लेखी निघेल, मैदानी निघेल, आणि शेवटी मेडिकलमध्ये कोणी तरी पोटावरच्या टोचल्याच्या खुणा बघून 'अनफिट' लिहील.

म्हणून ती संजीवन केंद्रातल्या सुईवाल्या धर्मेंद्र सरांकडे गेली होती.

"मॅडम, पाचशेच्या वर होती, तीनशेवर आली," ती मला सांगत आली. "सर म्हणतात, दिवाळीपर्यंत नॉर्मल. मेडिकलच्या आधी."

"घरच्या मशीनवर किती दाखवते?"

"घरी कुठं मोजतो आता? पट्ट्या केवढ्या महाग. तिथं फुकट मोजून देतात. सर म्हणतात, घरच्या मशीनचा मेळ बसत नाही."

"आणि इन्सुलिन?"

ती चप्पल घालायला लागली. "मॅडम, तुमी याच एकदा. पाहा तर खरं. तुमचा खांदाही दुखते ना?"

मी तिचे वडील बुधाजी यांना गाठलं. ते संत्र्यांच्या पॅकिंगमध्ये पेट्या ठोकतात. म्हटलं, पोरीला अमरावतीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू देऊ नका.

बुधाजींनी हातोडी खाली ठेवली. त्यांना माझा राग आला होता, पण आवाज चढवला नाही.

"मॅडम, आमच्या घरात कोण्या बुवाले जागा नाई. माह्या बापानं घरातले देव्हारे काढले, मी गंडा-दोरा कधी बांधला नाई. तुमीच शाळेत सांगत होत्या ना, मोजल्याशिवाय मानू नोका? हा मानूस मोजून दाखवून राह्यला. मंग आता काहून नाई म्हनता?"

म्हटलं, मग मीही मोजूनच बघते. खांद्याचं निमित्त करून केंद्रात गेले.

*

*व्हिडिओ.*

"वेटिंग रूम, मित्रांनो! बहुतेकांची वेटिंग रूम म्हणजे स्मशान. पाहुणा आला तर आपल्या भागात काय करतो? संत्रं देतो. मग पेशंटला का नाही? टोपली ठेवा. आपलेपणा वाटतो. पेशंट मोकळा होतो, नसा मोकळ्या होतात."

*

टोपली होती. वरूडमध्ये कोणाच्या घरी, दुकानात, बँकेत गेलात तरी हंगामात हातात संत्रं येतं, आणि आलेलं संत्रं आम्ही नाकारत नाही. सगळे सोलत बसले होते. खोलीभर तो गोड-आंबट वास. शेजारी इंदूबाई, पॅकिंगमधल्याच. त्यांना मधुमेह कधी नव्हता. गुडघ्यासाठी आल्या होत्या.

"अन् इथं आल्यावर कयलं, बाई, मले साखर हाय म्हून! चारशे! आता सकायी कारल्याचा रस पेतो. तोंड असं होते पाहा." त्यांनी तोंड करून दाखवलं आणि आणखी एक फोड माझ्या हातावर ठेवली.

मी संत्रं सोललं, खाल्लं, रुमालाला बोटं पुसली. मदतनीस मुलीनं बोटाला टोचलं, थेंब पट्टीला लावला.

तीनशे सत्त्याऐंशी.

"अरेरे," धर्मेंद्र सर म्हणाले. ते खरंच हळहळल्यासारखे दिसले. "मॅडम, तुम्हालाही? टेन्शन घेऊ नका. आत बेसिनवर साबणानं हात धुऊन या, हातात सुया लावायच्या आहेत. स्वच्छता पाहिजे."

मी आत गेले नाही. सरळ घरी आले. मी तपासायला गेले होते, पण तो आकडा बघितला आणि माझ्या डोक्यात माझी अम्मी, तिचा कापलेला पाय आणि तिचं शेवटचं वर्ष एवढंच उरलं. तीस वर्षं विज्ञान शिकवणारी बाई एका आकड्यानं रस्त्यानं रडत गेली. हे का सांगते, तर रांगेतल्या लोकांना कोणी मूर्ख म्हणू नये.

असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळ झाली होती. मी वजू केला, मनगटापर्यंत हात चोळून धुतले, नमाज पढले. मुसल्याच्या चटईवरून उठते तो दीक्षा दारात, हातात घरचं मशीन.

"इंदूबाई बोलल्या, तुमालेही निघाली म्हणे. शेवटच्या दोन पट्ट्या होत्या, घेऊन आली. पाहू."

एकशे बारा.

दीक्षाचे डोळे चमकले. "पाहा मॅडम! नुसत्या जाऊन आल्या तरी उतरली!"

मी माझ्या बोटांकडे बघत होते. टेबलावरच्या पिशवीत इंदूबाईंनी निघताना टाकलेलं एक संत्रं होतं. ते सोललं. खाल्लं नाही, नुसतं सोललं. बोट पुसलं, शेवटची पट्टी लावली.

चारशे एकवीस.

*

इथं गोष्ट जरा थांबवते. घरात साखर मोजायचं मशीन असेल तर हे तुम्हीही करून बघा. आधी हात साबणानं धुऊन, कोरडे करून मोजा. मग संत्रं सोला, तोंडात टाकू नका, आणि त्याच हातांचं बोट टोचून मोजा. फळाची साखर बोटाला चिकटते. रक्ताचा थेंब एवढासा असतो. तो बोटावरची साखर घेऊनच पट्टीवर जातो, आणि मशीन बिचारं दोन्ही साखरा मिळून मोजतं. मशीन खोटं बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्नच खोटा असतो.

म्हणजे केंद्रातला पहिला आकडा संत्र्याचा. मग 'स्वच्छते'साठी हात धुवायचे. मग सुया. मग दुसरा आकडा, तो माणसाचा. मधल्या फरकाचं श्रेय सुईला.

झाली गोष्ट उघड. इथंच संपायला हवी होती.

*

"म्हणजे माझी उतरतच नव्हती?" दीक्षानं विचारलं.

"तू तिकडे जे तीनशे बघत होतीस ते खरं होतं. आणि ते वाईट होतं. इन्सुलिन किती कमी केलंस?"

ती उठून माठातलं पाणी पिऊन आली. मग म्हणाली, "रात्रीचं आधी सोडलं. परवापासून सकाळचंही."

मला तेव्हा दिसलं. गाल आत गेले होते. बोलताना ती दोनदा माठाकडे जाऊन आली होती. तिच्या श्वासाला कुजक्या फळासारखा वास येत होता, इन्सुलिन तुटल्यावर येतो तसा.

"आत्ता माझ्यासोबत दवाखान्यात चल."

"सर म्हणतात ते विष बाहेर पडून राह्यलं. उलटी झाली तरी भिऊ नको म्हणले."

"दीक्षा!"

"तुमाले नोकरी हाय, मॅडम," ती म्हणाली. एवढं कडू ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. "तुमाले काय होते म्हणायले? तुमचं खरं निघालं तर माझं मेडिकल गेलं."

ती मशीन तिथंच टाकून निघून गेली. मी मागे गेले. तिनं दाराला आतून कडी लावली. मी बाहेर बुधाजींना सगळं सांगितलं. बुधाजी म्हणाले, "झोपू द्या तिले. सकायी सरांकडेच जाऊ, तुमीही या. समोरासमोर होऊ द्या."

मी तेव्हा दार फोडायला हवं होतं की नाही, यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. मी रोज घालते.

*

*व्हिडिओ.*

"शंका घेणारा येणारच, मित्रांनो. त्याच्याशी भांडू नका. हसा. म्हणा, 'तुमचं शिक्षण मोठं, माझा अनुभव मोठा.' बाकीचं काम रांग करते."

*

सकाळी मी पाण्याची एक बादली, साबण, दीक्षाचं मशीन आणि पट्ट्यांची नवी डबी घेऊन पायऱ्या चढले.

"मॅडम, धुणं आणलं काय?" कोणीतरी खालून ओरडलं. रांग हसली. सर हसले. म्हणाले, "तुमचं शिक्षण मोठं, मॅडम..."

"इंदूबाई, या," मी म्हटलं. "संत्रं सोलून झालं ना? मोजा."

चारशे दोन.

"आता बादलीत हात धुवा. साबण लावा. कोरडे करा. सुई नाही, काही नाही. मोजा."

एकशे एक.

बाकीच्यांनी हातातली संत्री खाली ठेवली. इंदूबाईंनी आपल्या बोटाकडे बघितलं, मग धर्मेंद्रकडे.

"काऊन रे? मंग मी कारलं कायले पेऊन राह्यली?"

कोणी हसलं नाही. लोक पुढे सरकले, एकेक जण हात धुऊ लागला. साडेतीनशेचे एकशे तीस. चारशेचे दोनशे. ज्याला मधुमेह होता त्याचा राहिला, ज्याला नव्हता त्याचा गेला. धर्मेंद्र सर खुर्चीत बसले होते. हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "आधी मी हीच मशीनं विकायचो, मॅडम. गावोगाव सांगायचो, फळ खाल्लं असेल तर हात धुऊन मोजा. कोणी लक्ष दिलं नाही. मग वाटलं, नाही धुवायचे तर नका धुऊ, माझा तर फायदाच."

तेवढ्यात बुधाजी आले. दीक्षा त्यांच्या खांद्यावर टेकली होती. धावणारी पोरगी पायऱ्या चढून धापा टाकत होती.

"माह्या पोरीचेही धुवा," बुधाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून आशा होती. बादलीच्या पाण्यानं सगळ्यांची उतरते आहे, हे त्यांनी पायऱ्यांवरच ऐकलं होतं.

मी तिला बाकड्यावर बसवून तिचे हात माझ्या हातानं धुतले. थंडगार होते. ओढणीनं पुसले. टोचलं.

मशीनवर आकडा आलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली, एच आणि आय. म्हणजे मशीनला मोजता येईल त्याच्याही पलीकडे.

लोकांना कळलं नाही. एकाच माणसाला कळलं. धर्मेंद्र सर उठून उभे राहिले.

"इन्सुलिन कधी घेतलं शेवटचं?"

दीक्षानं मान वर केली. "तुमीच तं बंद करायले सांगितलं, सर."

हे सगळ्यांनी ऐकलं. मग ती बाकड्यावरून घसरली.

*

संत्र्याच्या पिकअपमध्ये घालून तिला आधी इथल्या दवाखान्यात आणि तिथून अमरावतीला नेलं. आयसीयूत ती वाचली. भरतीची तारीख तिच्या खाटेशेजारून निघून गेली.

केंद्राला कुलूप लागलं. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. ती लिहून घेणाऱ्या साहेबांनी शेवटी पेन ठेवून विचारलं, "पण गुडघ्याले फरक पडत होता ना त्याच्या सुईनं?" व्हिडिओ अजून चालू आहेत, बघणारे वाढलेत. धर्मेंद्र आता अकोटात जागा बघतोय म्हणतात.

आणि परवा इंदूबाई रिकामी बाटली घेऊन माझ्या दारात आल्या.

"बाई, तुमच्या त्या बादलीतलं पानी द्या ना थोडं. जाऊबाईची उतरत नाई."

मी त्यांना आत बसवलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जाताना म्हणाल्या, "नसन द्यायचं तं नोका देऊ."

*

वॉर्डात दीक्षानं मला विचारलं होतं, "सगळ्यांची पाण्यानं उतरली, मॅडम. माझीच काहून नाई उतरली?"

"तुझा आजार खरा होता म्हणून."

तिनं नर्सच्या हातातून इंजेक्शन घेतलं, सदरा वर केला आणि स्वतः टोचून घेतलं. खिडकीशी उभ्या बुधाजींनी तोंड फिरवलं नाही.

माझं सांगणं एवढंच आहे. बुवाला ओळखायला आपण शिकलो. मशीन घेऊन येणाऱ्याला ओळखायला अजून शिकायचं आहे. कोणी तुमचा आजार मोजून दाखवला, तर तो दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या. फरक निघाला तर पहिल्याला कारण विचारा. तो हसून तुमचं शिक्षण काढू लागला, तर उठा. आणि चालू असलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नका, सांगणारा कितीही गोड बोलत असला तरी. आकडा मानण्याआधी तो कसा काढला हे विचारायचं असतं. 'मोजल्याशिवाय मानू नका' याच्यापुढचं हे दुसरं वाक्य मी शाळेत मुलांना शिकवलं नव्हतं. आता शिकवते.