टेंपोवाल्याची घोडेस्वार टोळी

“आता जे सांगतो ते कुणाच्या बापाला पटणार नाही,” दुकानाचा उंबरा ओलांडता ओलांडताच नानांनी जाहीर केलं. “आणि नाही पटलं तर दोष तुमचा, माझा नाही.”

न्हावी तेव्हा खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर गरम टॉवेल दाबत होता. गिऱ्हाईक मान मागे टाकून, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढऱ्या कापडाखाली गुडुप झालेलं. बाकावर शेजारच्या चष्म्याच्या दुकानातला चष्मेवाला पेपर वाचत होता. त्याने पेपराची घडी करून ती मांडीखाली सारली. नाना बोलायला लागले की पेपरात काही राम उरत नाही, हा त्याचा अनुभव.

नानांनी जन्मभर लोकांची बिऱ्हाडं हलवली होती. कुणाचा पियानो, कुणाची शिवणयंत्रं, कुणाची भांडत भांडत बांधलेली खोकी, सगळं त्यांच्या टेंपोतून गेलं. आता टेंपो थकला आणि नानाही थकले, तेव्हा दोघंही मुलीच्या घरी येऊन राहिले. नाना आतल्या खोलीत, टेंपो अंगणात. दुपारी जेवण झालं की नाना केबिनमध्ये जाऊन बसत, रेडिओ लावत आणि स्टिअरिंगवर पाय टाकून डुलकी काढत. लेकीकडे कशाची ददात नव्हती, पण आतून कडी लावून आपलं म्हणावं असं दार तेवढं एकच होतं. जावयाला मात्र त्या जागी आपली नवी गाडी दिसायची. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणे. मामा म्हणणारा तो एकटाच, आणि तेही साखर घोळून: “मामा, भंगारवाल्याला बोलावू का?”

“म्हटलं, बोलव!” नानांनी बाकावर बैठक मारली. “पण आधी त्या संगणकावरच्या लढाईत मला हरवून दाखव. मी जिंकलो तर टेंपो जागचा हलणार नाही. हरलो तर भंगारवाल्याला मीच फोन लावतो.”

“आणि तयार झाले जावईबापू?” चष्मेवाल्याने विचारलं.

“हसत हसत! अट एकच घातली, लबाडी सापडली तर निकाल उलटा. लबाडी, आणि या नानाकडे?”

टॉवेलखाली काहीतरी खाकरलं. “गरम लागतंय का हो?” न्हाव्याने वाकून विचारलं. गिऱ्हाइकाने बोट हलवून नाही म्हटलं.

“मग जागा तयार केली,” नाना म्हणाले. “हॉलमधलं मोठं टेबल, या टोकाला मी, त्या टोकाला तो. माझ्यापुढे नातीचा जुना लॅपटॉप, त्याच्यापुढे हा एवढा पडदा. आणि ऐका, आदल्या संध्याकाळी मुलीचं ते आरशाचं शिसवी कपाट बेडरूममधून हॉलमध्ये मी एकट्याने आणलं. तिकडच्या भिंतीला ओल येत होती ना! पायांखाली घोंगडी सारली, हलकेच कलतं केलं, आणि गायीसारखं मागून आलं.”

“ते कपाट? आम्ही चौघं होतो तरी घाम फुटला होता,” चष्मेवाला म्हणाला.

“तुम्ही नंबर काढणारी माणसं. बरं, जावयाने कोण घ्यावं? तटबंदीवाला राजा. धान्याची कोठारं, चिलखती पायदळ, दगडी भिंती. मला म्हणाला, मामा, तुम्हीही एखादं छानसं राज्य घ्या. मी घेतली गवताळ मैदानातली टोळी. घोडे, मेंढरं, तंबू आणि वर मोकळं आभाळ!”

बोलता बोलता नाना उठून उभे राहिले. न्हाव्याचा कंगवा त्यांच्या हातात कधी आला ते त्यालाही कळलं नाही, आणि आता तो घोडा झाला होता.

“नवा खेळाडू काय करतो? टोळी हातात आली की जवळचं शहर गाठतो आणि तिथेच ठाण मांडतो. मेला! शहर घेतलं की गटार आलं, भिंत आली, रुसलेली प्रजा आली, आणि घोडे उभ्या उभ्या चरून चरून जमीन बोडकी करतात. मी एक वीटसुद्धा रचली नाही. गवत संपायच्या आत तळ हलवायचा. आणि तळ मोडायचा कसा? जे नव्या जागी आधी लागणार ते गाडीत सर्वांत शेवटी चढवायचं. चूल, दोरखंड, तंबूचे खांब. गाडी थांबली की पाणी उकळायला लागलं पाहिजे. हे मला कुणी शिकवायचं?”

“खेळात चूलसुद्धा असते?” न्हाव्याने विचारलं.

“मध्ये बोलू नकोस, घोडा उधळतो. तर पहिल्यांदा राजाच्या वाटेला गेलोच नाही. शेजारच्या लहान टोळ्यांकडे वळलो. एकेकीला लोळवलं, पण कापलं नाही. म्हटलं, या माझ्याबरोबर. त्यांचे घोडे माझे झाले, त्यांचे तिरंदाज माझे झाले. मग राजाचे व्यापारी तांडे! आलो, लुटलं, धूम! तो पायदळ पाठवतो, आम्ही पळतो. तो म्हणतो, घाबरले. त्याचं पायदळ धापा टाकायला लागलं, रांग तुटली, की आम्ही पळता पळता खोगिरातच मागे वळून सूं, सूं, सूं!”

कंगवा फळीवरच्या बाटल्यांवरून सूं करत गेला. चष्मेवाल्याने मान खाली घातली.

“जावयाचा चेहरा बघायला हवा होता. घटाघटा पाणी प्यायला. सगळं पायदळ तटाच्या आत घेतलं आणि दारं लावून बसला. आता आली का पंचाईत! घोड्याला भिंत चढता येते का?”

“नाही येत,” न्हावी श्वास रोखून म्हणाला.

“म्हणून दोन खोटे तळ टाकले. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मोडक्या गाड्या, पेटलेल्या शेकोट्या, आणि माणूस एक नाही. खरी टोळी उत्तरेच्या टेकडीमागे दबा धरून. राजाला वाटणार, नानांचा मुक्काम पडला, आता चेचू. पण फौज बाहेर पडली कधी हे मला कळणार कसं? त्या खेळात आपला माणूस जिथे नाही तिथला नकाशा काळाकुट्ट असतो. चुकीच्या वेळी धावलो तर भिंतीवरून बाणांचा पाऊस. टेंपो गेलाच म्हणून समजा.”

नानांनी कंगवा खाली घेतला. केबिनची कडी, रेडिओचं बटण, सगळं त्या वेळीही असंच डोळ्यांपुढे आलं होतं. समोरच्या मोठ्या आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. का कोण जाणे, त्यांनी चटकन नजर काढून घेतली.

“मग कसं कळलं?” चष्मेवाल्याने रेटलं.

“अरे, जन्म रस्त्यावर गेला माझा! लांबून नुसती धूळ बघून सांगतो, ट्रक आहे की बस. तसाच एकटक बघत बसलो. आणि दिसली! क्षितिजाला बारीकशी रेघ, पिवळसर. म्हटलं, नाना, हीच वेळ! राजाची अख्खी फौज पश्चिमेच्या दरवाजातून खोट्या तळावर निघाली. टेकडीमागून आम्ही सुटलो ते थेट उत्तरेच्या दरवाजावर! पहाऱ्याला काळं कुत्रं नाही. दार मोडलं, घोडे थेट सिंहासनापाशी! जावई नुसता आ वासून बसला. टेंपो वाचला! आजही दुपारी केबिनमध्ये झोपून आलोय, विचारा कुणालाही.”

चष्मेवाल्याने टाळ्या वाजवल्या. न्हावी मात्र टाळ्या वाजवायचं सोडून खुर्चीमागे तोंड दाबून उभा होता. नानांना वाटलं, भारावला बिचारा.

“पश्चिमेच्या दरवाजातून?” टॉवेलखालून आवाज आला.

“पश्चिमेच्याच! या डोळ्यांनी बघितली,” नाना बेधडक म्हणाले.

पांढऱ्या कापडातून एक हात वर आला आणि त्याने टॉवेल सावकाश खाली ओढला. वाफेने लालबुंद झालेला चेहरा समोरच्या आरशातून नानांकडे बघून गोड हसला.

“माझी फौज पूर्वेच्या दरवाजाने निघाली होती, मामा. पश्चिमेला ती फक्त माझ्या पाठीमागच्या कपाटाच्या आरशात जाते. निकाल उलटा!”