डावा हात महादेवीचा

महादेवीनं मेंडोलिन पेटीतून काढून अंगणातल्या खाटेवर ठेवलं. पावसाळ्यानं चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरली होती. पदरानं दांडी पुसता पुसता तिचं बोट एका तारेवर दाबलं गेलं, तोच मागून तिच्या नवऱ्याचा, सोमशेखरचा, उजवा हात आला आणि त्यानं अंगठ्याच्या नखानं ती तार छेडली. सूर निघाला, चांगला भरलेला. महादेवी दचकून बोट उचलणार होती.

"उचलू नकोस," तो म्हणाला. "दाबून धर."

ही गोष्ट शहाण्णव सालातली. त्याआधी वर्षभर सोमशेखरनं त्या पेटीकडं पाहिलंही नव्हतं. दिवसा हुपरीला चुलतभावाच्या कारखान्यात पैंजणांचं काम आणि संध्याकाळी कोल्हापुरात हंबीररावांच्या ऑर्केस्ट्रात मेंडोलिन, असा त्याचा क्रम होता. चांदीची पट्टी लाटणाऱ्या यंत्रात डावा हात सापडला आणि दोन बोटं गेली. जखम भरल्यावर तो पुन्हा हुपरीच्या एसटीत बसू लागला. उजव्या हातानं जमेल ते काम भाऊ त्याला देई. पण रेडिओवर कुठं मेंडोलिन वाजलं, की तो चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचा. महादेवी रेडिओ बंद करायची नाही. नुसता आवाज कमी करायची.

त्या दिवसापासून सुट्टीच्या दुपारी दोघं खाटेवर शेजारी शेजारी बसू लागले. वाद्याचं पोट त्याच्या मांडीवर, दांडी तिच्या. तो उजव्या हातानं तारा छेडायची नखी चालवायचा, ती डाव्या हातानं तारा दाबायची. दांडीवरच्या पट्ट्यांपैकी पुढचा पडदा कुठला, हे तो पुटपुटत सांगायचा. तिला सूर-ताल काही ठाऊक नव्हता. बोटांची टोकं सोलली, भाकरी थापताना हात झोंबायचा. त्यातून तो चिडायचा. तिचं बोट जरा उशिरा पडलं, की त्याचा उजवा हात थांबायचा आणि तो स्वतःच्या डाव्या पंजाकडं बघत बसायचा.

एकदा तो फारच चिडला, तेव्हा तिनं दांडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"ही बोटं माझी हाईत," ती म्हणाली. "तुमची समजून रागवू नगासा."

सोमशेखरनं तिच्या सोललेल्या बोटांकडं पाहिलं. मग वर्षभरात पहिल्यांदाच हसला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले.

पुढं तो तिला गोष्टी सांगू लागला. मेंडोलिन इटलीकडचं. चीनमध्ये एक वाद्य आहे, त्याला दोनच तारा, आणि वाजवायच्या गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून फिरतात. हवाई बेटांवरचे लोक गिटार मांडीवर आडवी घालून तारांवरून पोलादाची कांडी सरकवतात. आपला सारंगीवाला बोटानं तार दाबतच नाही, नखाच्या कडेनं तिला अडवतो. हे सगळं त्यानं ऑर्केस्ट्रातल्या जुन्या माणसांकडून ऐकलेलं.

"पण दोघं मिळून एक वाद्य वाजवत्यात, असं मी कुठं ऐकलं न्हाय," तो म्हणाला.

"मग आता ऐका की," महादेवी म्हणाली आणि तिनं दांडी जवळ ओढली.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आधी हंबीरराव सहज घरी आले आणि दारातच उभे राहून त्यांनी पूर्ण धून ऐकली. मंडळाच्या कार्यक्रमात दोघांनी वाजवावं, असा त्यांनी हट्ट धरला. सोमशेखर नको म्हणत होता. लोक वाद्य ऐकायच्या ऐवजी हात बघतील, असं त्याचं म्हणणं. महादेवीनं चहाचा कप हंबीररावांच्या हातात दिला आणि बघूद्यात की, एवढंच म्हणाली.

लोकांनी आधी हातच बघितला. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींच्या कानात कुजबुजल्या. पण धून सुरू झाली तसा मांडव शांत झाला. सोमशेखर ओठांतल्या ओठांत पडदे सांगत होता, महादेवीची बोटं बरोबर जागेवर पडत होती. संपल्यावर टाळ्या थांबेनात. पुन्हा एकदा, अशी हंबीररावांनी मंचाच्या कडेवरून खूण केली.

सोमशेखरनं नखी सरसावली आणि पहिला पडदा सांगितला. महादेवीचं बोट तिथं गेलंच नाही. ते खालच्या पडद्यावर गेलं, तिथून सावकाश वर आलं, पुन्हा उतरलं. चिकोडीकडं माहेरी तिची आई पाळण्याची दोरी ओढताना म्हणायची, ते कानडी गाणं होतं. त्यानं ते कधी ऐकलं नव्हतं. त्याचा हात अडखळला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, ती दांडीकडं बघत होती. मग त्याचं पुटपुटणं थांबलं. तिचं बोट टेकेपर्यंत तो थांबायचा आणि मगच, अगदी हलक्या हातानं, तार छेडायचा. एक कडवं झालं आणि तिनं हात उचलला. मांडवात कुठंतरी एक म्हातारी त्याच चालीवर डोलत राहिली होती.

घरी जाताना पेटी त्याच्या खांद्याला होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यानं विचारलं, "त्याच्या म्होरं काय हाय?"

"हाय की अजून. पर ते जरा अवघड हाय," महादेवी म्हणाली. "उद्या दुपारी बसा. शिकवीन."

"बरं," सोमशेखर म्हणाला, आणि दाराची कडी काढायला पुढं झाला.