मावशी म्हणून

“याआधी कुठं राहत होता?” घरमालकांनी विचारलं, आणि ताई खिडकीबाहेर बघू लागल्या. या एका प्रश्नावर महिन्याभरात पाच घरं हातची गेली होती.

निवारा केंद्रातल्या कुटुंबांना भाड्याचं घर मिळवून देणं हे ताईंचं काम. एकवीस वर्षं लोकांचे उंबरे झिजवून त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि नेमकं हे घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढतानाच त्यांनी सोबतच्या बाईला पढवलं होतं, “नातेवाइकांकडे होतो म्हण. फार खोलात शिरू नकोस.”

बाई एका धुलाई कारखान्यात चादरींना इस्त्री करायची. नवरा गेला आणि पाठोपाठ घरही गेलं. तिने शेजारी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं.

“निवाऱ्यात होतो,” ती म्हणाली. “चौदा महिने.”

झालं. हेही गेलं, ताईंनी मनात म्हटलं. त्यांना रागही आला नाही, नुसती बसायला खुर्ची हवीशी वाटली.

घरमालकांनी चष्मा पुसला. “तुमच्याआधी दोघं येऊन गेले. दोघांनी मला थापा मारल्या.”

“पोरगी ऐकतेय ना,” बाई म्हणाली.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “मोरीचा नळ जरा दाबून बंद करावा लागतो. आणि जिन्यात चपला काढायच्या नाहीत.”

घर मिळालं, हे ताईंच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

रविवारी सामान आलं. सामान म्हणजे काय, दोन पिशव्या, एक गादी आणि चार भांडी. शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन डोकावली. “या कोण, सासूबाई?”

ताईंचं गळ्यातलं ओळखपत्र उलटं फिरलं होतं, म्हणून निभावलं.

“मावशी माझी,” बाईने पापणीही न हलवता सांगितलं. लेक आईच्या तोंडाकडे बघतच राहिली.

शेजारीण गेल्यावर बाई गादीची घडी उगाचच सारखी करत म्हणाली, “ताई, रागावू नका. मालकांना सांगणं वेगळं. इथं कळलं तर हिच्याशी कोणी खेळणार नाही.”

“मला अजून तीन महिने पाहणीला यावं लागतं, बाई. नियम आहे.”

“मग या की. मावशी म्हणून या. फक्त ते कार्ड नको.”

“मावशीला चहा तरी मिळेल?”

“आज साखर नाहीये,” बाई ओशाळून म्हणाली. मग दोघीही हसल्या.

घर मिळालेली माणसं पुढे रस्त्यात भेटली तर नजर चुकवत. त्याचं आता काही वाटत नाही, असं ताई सगळ्यांना सांगत.

परत निघाल्यावर जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबून त्यांनी ओळखपत्र काढलं आणि पिशवीत टाकलं. वर दार लागलं. आतून कडी सरकली, निघाली, पुन्हा सरकली. निवाऱ्यातल्या दारांना आतून कडी नव्हती.

ताई कठडा धरून ऐकत राहिल्या. कडी पुन्हा निघाली नाही, तेव्हा त्या एकेक पायरी उतरू लागल्या.