बुडाखालचा मापाडी

मित्रांनो, हसू नका. पण लोकांच्या बुडाखाली जाऊन बसणं हाच माझा धंदा होता. मी एक जुना दाबमापक आहे. हवेची रबरी पिशवी, लांब नळी आणि काट्याची तबकडी, एवढाच माझा संसार. कुपवाडच्या एका कारखान्यात मी जन्मलो आणि १९९४ साली सांगलीच्या एका पुनर्वसन केंद्रात कामाला लागलो.

कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या माणसाला खाली काय टोचतंय ते कळत नाही. दाब पडून पडून कातडी फाटते. खुर्चीतली बैठक बरोबर आहे का, हे मी सांगायचो.

वडूजकडचे नानासो मेंढरांसाठी पाला तोडताना बाभळीवरून पडले होते. बसून बसून झालेली जखम नुकतीच भरली होती. गावी लोकर कातरणी तोंडावर आलेली, आणि खुर्चीत बसून कातर चालवायचीच, असा त्यांचा हट्ट.

"दाब उतरला की सोडते. नाहीतर पुन्हा पालथं झोपायचं," उपचार करणाऱ्या स्वप्नाताई म्हणाल्या.

पण मला उजवीकडं सरकवलं की काटा उडी मारायचा. गादी बदलली, वर पहिल्यापासून असलेली नानासोंची लाडकी घोंगडी तशीच घडीसकट परत घातली, तरी तेच.

"आवं ताई, ह्यो काटाच येडा हाय!" नानासो म्हणाले.

ताईंनाही शंका आली. माझी कुपवाडला रवानगी झाली. तिथं मला फुगवलं, पाण्यात बुडवलं आणि निर्दोष म्हणून परत धाडलं. पुन्हा नानासो, पुन्हा उडी. संतापानं मला फुटावंसं वाटलं.

शेवटी ताईंनी नानासोंना खाटेवर घेतलं आणि घोंगडी झटकली. खणकन् अडकित्ता पडला. मागोमाग चुनाळं आणि तंबाखूची चंची!

"हितं तंबाखूला बंदी. घोंगडीत कोन हात घालतंय, म्हनून ठेवलीवती," नानासो पुटपुटले.

"आवं, कोंबडीगत उबवत बसलाता व्हय!" त्यांच्या बायकोला, हरणाबाईला, हसू आवरेना.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी आरसा धरून नानासोंना त्यांचीच उजवी बाजू दाखवली. तिथं अडकित्त्याचा लालभडक वळ उमटला होता.

नानासोंचा चेहरा उतरला. "ताई, मला कायबी कळलं न्हाई वं."

"याला कळलं होतं," ताईंनी माझ्याकडं बोट केलं.

वळ मावळला, काटा शांत झाला आणि नानासो कातरणीला पोचले. पुढं हरणाबाईनं माझ्यासाठी लोकरीची पिशवी आणून दिली. आज नळी चिरलेला मी कपाटात त्याच पिशवीत पडून असतो.

मित्रांनो, एकच मागणं. ज्याला स्वतःला कळत नाही, त्याच्यासाठी कुणी ओरडत असेल, तर त्याला येडा म्हणू नका. आधी घोंगडी झटका.